शिंपल्याचं पातं आणि रिकामी टोपली

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की आई एका वाक्यात उरकते, "जर्मनीत शिंपले पाहते ती." वाक्य खोटं नाही. बॉनमधल्या एका संस्थेत मी शिंपल्यांपासून केलेली जुनी हत्यारं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि त्यांच्यावरचे ओरखडे वाचते. ओरखडा कुठून कुठे गेला यावरून ते हत्यार धरणारा हात कसा फिरत होता ते कळतं. मी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, आणि तोही बसच्या खिडकीतूनच जास्त. त्यामुळे या नोकरीवर आईचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

माझ्या ताब्यातल्या खणांमध्ये तासणीचं एक पातं आहे. सुतार लाकूड तासायला वापरतो ती तासणी, पण हे पातं लोखंडाचं नाही, महाकाय शिंपल्याचं आहे. पॅसिफिक महासागरातली काही बेटं नुसती पोवळ्यांची. तिथं कठीण दगड नाही, धातू नाही, जे आहे ते समुद्राने दिलेलं. तिथल्या माणसांनी शिंपल्याच्या सांध्याजवळचा सगळ्यात जाड भाग निवडला, तो ओल्या वाळूने महिनोन् महिने घासला आणि त्याला धार आणली. त्या धारेने त्यांनी होड्या कोरल्या, आणि त्या होड्यांतून क्षितिजापलीकडच्या बेटांशी सोयरिकी केल्या.

अशाच एका मोडक्या पात्याचा तुकडा मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिला तो दिवस मला आठवतो. झाडाच्या बुंध्यात असतात तशी शिंपल्यातही वर्षांची वलयं असतात. त्या वलयांच्या आत अतिशय बारीक धागे, एक थर उभा, एक आडवा, गोधडीच्या टाक्यांसारखे. एका बाजूने चीर आत शिरली होती आणि दुसऱ्या थरापाशी येऊन थांबली होती. म्हणून ते फुटत नाही. एक जीव आयुष्यभर समुद्राच्या तळाशी जागचा न हलता हे विणत बसला, आणि कुणा माणसाला ते उमगलं. मी त्या दिवशी जेवायला जायचं विसरले, आणि जेवण विसरणं हा काही माझा स्वभाव नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्या पात्याच्या बेटावरची तीन माणसं आमच्याकडे आली. एक निवृत्त शिक्षिका, दोरीला अडकवलेला चष्मा छातीवर लोंबणारा. त्यांना मी मनातल्या मनात 'बाई' म्हणायला लागले, आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं. दुसरे त्यांचे थोरले भाऊ, होड्या कोरणारे. तिसरी बाईंची मुलगी. ती इंग्रजी बोलायची आणि दोघांचं आम्हाला सांगायची. ती आईच्या या भावाला मामा म्हणते असं कळलं, म्हणून माझ्याही लेखी ते मामाच झाले.

बाई थंडीवर आणि जर्मन पावावर नाराज होत्या. सकाळच्या नाश्त्याचा एक तुकडा त्यांनी पिशवीतून काढून मामांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला दांडा बांधला तर होडी कोरता येईल." मुलीने ते आम्हाला सांगितल्यावर आमची विभागप्रमुख, एरवी फारशी न हसणारी, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून खो खो हसली.

मामांना मात्र एकच काम होतं. ते बेटावर आजही तासणीनेच होड्या कोरतात, पण पातं लोखंडाचं असतं. शिंपल्याच्या पात्याची मागची बाजू गोल असते, म्हणून त्याला दांड्याशी बांधायची रीत वेगळी. ती रीत त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवली होती, पण लाकडाच्या खोट्या पात्यावर. तेवढे मोठे शिंपले त्यांच्या पाण्यात आता सापडत नाहीत, आणि जुनी पाती सगळी बेटाबाहेर गेली. आपल्या हातातली गाठ खरी आहे की नाही, हे मामांना आयुष्यभर कळलेलं नव्हतं. आता हात थरथरायला लागले होते. पुन्हा एवढा प्रवास होणार नव्हता. त्यांना ते पातं एकदा बांधायचं होतं, भाचीच्या देखत, म्हणजे ती गाठ पुढे जाईल.

पातं बांधण्याचा ताण सोसेल का, हे तपासायचं काम माझं होतं. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं, चीर कुठेच नव्हती, तसं प्रमुखांना सांगितलं. लाकडावर घाव घालायचा नाही, फक्त बांधायचं, या अटीवर परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधायचं ठरलं. पहिल्या दिवशी नुसता खण उघडला. मामांनी पात्याला हात लावला नाही. गुडघ्यांत हात घेऊन ते त्याच्यासमोर बसून राहिले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "अजून कामाला येईल."

दुपारी बाईंनी पिशवीतून माडाच्या झावळ्यांची विणलेली एक टोपली काढून माझ्या हातात दिली. आत एक कवडी होती, मुठीएवढी, पाठ घासून भोक पाडलेली, भोकाच्या कडेला धार. नीरफणस, त्यांच्या रोजच्या जेवणातला छोटा फणस, सोलायचं हत्यार. लोखंडाने सोललं तर गर काळा पडतो, शिंपल्याने पडत नाही, असं त्या म्हणाल्या. मी पाहतच राहिले. आमच्याकडे नदीतली शिंपी दगडावर घासून असंच भोक पाडतात आणि लोणच्यासाठी कैरी सोलतात, कारणही हेच सांगतात. नागपूर कुठे आणि ते बेट कुठे. दोन ठिकाणच्या बायकांनी एकमेकींना न बघता, न विचारता एकच गोष्ट शोधून काढली होती, आणि तिचा पुरावा माझ्या तळहातावर होता.

मग त्या बोलत बसल्या. त्यांची पोवळ्याची बेटं बुटकी, वादळाची लाट आरपार जाणारी. दूर पश्चिमेला एक उंच, मातीचं, डोंगराचं बेट. पूर्वी होड्या ठरावीक मोसमात तिकडे जायच्या, विणलेली कापडं, दोर आणि शिंपले घेऊन. तिथून यायचं लाकूड, खाण्याचे कंद, आणि हळद. हळद म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. हळद त्यांच्या वाळूत नीट उगवत नाही. बाळंतिणीला, मयताला, नव्या होडीवाल्याला, सगळ्यांना ती अंगाला लावायची म्हणून उंच बेटाकडून आणायची. "आम्हीही सगळ्याला हळदच लावतो," मी म्हणाले, आणि बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट पाहिलं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. कवडी दाखवली.

"हे तं आपली शिंपीच आहे," आई म्हणाली. मग लगेच, "मंग तू काय दिलं त्यायले?"

"अजून काही नाही."

"अन् टोपली? टोपली रिकामी परत नोको पाठवू, सांगून ठेवते."

डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत सगळ्यांकडेच असते. इथे माझी जर्मन शेजारीण डबा घासून, लख्ख करून, पूर्ण रिकामा परत देते, आणि त्याचं मला पहिली दोन वर्षं फार वाईट वाटायचं. पण आमच्या घरात ती नुसती रीत नाही. आईची आजी गावात टोपली घेऊन भाकरी मागायला जायची. आमच्या लोकांचं ते कामच होतं, गावची कामं करायची आणि दारोदार भाकरी मागायची. भाकर वरून टाकली जायची. देणाऱ्याचा हात घेणाऱ्या हाताला लागू नये म्हणून. लोकांनी धम्म घेतला त्या साली आजीने ती टोपली चुलीत घातली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाचं काही आलं तर ते आजच्या आज फिटलंच पाहिजे. मागणं हा शब्द आई शिवीसारखा उच्चारते. लहानपणी शेजारणीने मला बोरं दिली तर आई त्या संध्याकाळीच तिच्याकडे शेंगदाणे पोचवायची. मी पण तशीच झाले. माझ्यासाठी कुणी कॉफीचे पैसे दिले तर मला झोप येत नाही.

तेव्हा मी टोपली भरली. बेसनाचे लाडू होते ते ठेवले. आईने वायगावची हळद घरी दळून दिली होती, तिचा अख्खा पुडा ठेवला. एवढी हळद मी स्वतःच्या बहिणीलासुद्धा दिली नसती. भरलेली टोपली पाहून मला फार बरं वाटलं.

सकाळी कार्यशाळेत मामा काथ्याची दोरी उलगडत होते. स्वतःच्या मांडीवर वळलेली, घरून आणलेली दोरी. टेबलावर पातं आणि त्यांनी आदल्या दिवशी तासून घेतलेला, इथल्या बीच झाडाच्या लाकडाचा दांडा. मी टोपली बाईंच्या हातात दिली. त्यांनी आत पाहिलं. हळदीचा वास दरवळला. त्या हसल्या, आभार मानले, आणि टोपली खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवली. मामांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोरी पुन्हा गुंडाळायला लागले.

मला वाटलं, थोडं थांबताहेत. पण दोरी पिशवीत गेली. मुलगी अवघडून म्हणाली, "मामा म्हणतात, पाहायचं ते पाहून झालं. बांधायची गरज नाही." प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी तर होती. पातं तर तिथेच होतं. मामा शांतपणे कोट घालत होते, आणि कुणीही रागावलेलं नव्हतं, हेच जास्त भीतीदायक होतं.

मी मुलीला गाठलं ते चहाच्या खोलीत. ती किटलीत पाणी भरत होती.

"तुम्ही एका रात्रीत परत दिलंत," ती म्हणाली.

"मग? द्यायला नको?"

"द्यायचं. पण इतक्या लवकर नाही. एक वर्ष, पाच वर्षं, कधीकधी मुलं देतात. लगेच फेडतात ते जहाजवाल्यांशी. इथलं पातं असंच आलंय ना. जर्मनांचं राज्य होतं तेव्हा जहाज आलं, तंबाखू दिली, पातं घेतलं, तिथल्या तिथे फिटलं. मग ती माणसं परत आली नाहीत. कशाला येतील? काही राहिलंच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही तर हळद दिलीत. त्याच्यापेक्षा मोठं आमच्याकडे काही नाही. मामांना वाटलं, तुम्हाला आमच्याशी पुरतं मिटवून टाकायचंय. मिटवलेल्या माणसाच्या घरात ते ही गाठ कशी उघडी करतील?"

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला. आमचं देणंही चूक? आयुष्यभर जी गोष्ट ताठ मानेने केली तीच अपमान ठरावी? आणि मग मामांचे हात मला दिसले. त्या हातांतली गाठ खरी की खोटी, हे ज्या एका टेबलावर कळणार होतं, तिथून ते माझ्या लाडवांमुळे उठले होते.

मी मुलीला टोपलीची गोष्ट सांगितली. आजीची टोपली, वरून पडणारी भाकर, चूल. हे मी या ऑफिसात कुणाला कधी सांगितलं नव्हतं. जर्मन सहकाऱ्यांना तर सोडाच, इथल्या मराठी मंडळींनाही नाही. ती ऐकत राहिली, आणि म्हणाली, "हे माझ्या आईला सांगा."

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, मामा शेजारी. मी पुन्हा सांगितलं, मुलीने त्यांच्या भाषेत सांगितलं. मध्येच बाईंनी हात वर केला, वर्गात थांबवतात तसा.

"ती भाकर देणारी माणसं," त्यांनी विचारलं, "कधी तुमच्याकडे काही घ्यायला आली?"

"आमच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाहीत."

बाईंनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "मग ते देणं नव्हतं. आमच्याकडे उंच बेटाचे लोक आमच्यापेक्षा मोठे समजले जातात. तिथे गेलं की आम्ही खाली बसतो, वाकून बोलतो, ते मला कधी आवडलं नाही. पण ते आमच्या हातचं खातात. आणि वादळाने आमची झाडं झोपली की आमच्या होड्या त्यांच्याकडेच जातात, कारण त्यांचं आमच्याकडे काहीतरी राहिलेलं असतं आणि आमचं त्यांच्याकडे. सगळं फिटलं असतं तर वादळात आम्ही कुणाच्या दारात गेलो असतो?"

बॉनमध्ये त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. ट्राम आपल्या वेळेवर जात होत्या. मी त्या बाकासमोर उभी होते आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की ज्या लोकांकडे दगडसुद्धा नव्हता त्यांनी नुसत्या राहिलेल्या देण्याच्या जोरावर एवढा समुद्र घर करून टाकला. शिंपल्याच्या आतले ते आडवेउभे धागे मला आठवले. मी दहा वर्षं पाती पाहत होते आणि ती कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

"आता काय करू?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा चढवला. "माग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे काहीतरी माग."

त्यांना काय माहीत, त्या मला काय करायला सांगत होत्या. आई डोळ्यांपुढे आली, आणि आईच्या मागे जिला मी कधी पाहिलं नाही ती आजी, डोक्यावर टोपली घेऊन. मग मी मामांच्या समोर जमिनीवर बसले, कारण उभं राहून मागता येईना.

"ते पातं बांधून दाखवा," मी म्हणाले. "तुमच्यासाठी नाही. मला बघायचंय म्हणून. आणि त्याच्या बदल्यात मी तुम्हाला काहीही देणार नाही."

मुलीने ते सांगितलं. मामांनी बहिणीला काहीतरी विचारलं आणि बाई हसत सुटल्या.

"तो विचारतोय, लाडूसुद्धा नाही?"

आम्ही आत गेलो. मामांनी दोरी ओली केली. पातं दांड्याच्या उतारावर बसवलं आणि पहिला वेढा घेतला. ज्या हातांना सकाळी कप धरवत नव्हता ते दोरीला लागताच स्थिर झाले. एक वेढा डावीकडून, एक उजवीकडून, प्रत्येक वेढा आधीच्याला तिरका दाबणारा. पात्याच्या मागच्या गोलाईला जाळं पडत गेलं. एका जागी ते थांबले. दोरी हातात तशीच धरून त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने पात्याची मागची बाजू चाचपली. तिथे एक उथळ खाच आहे. मी ती अनेकदा मोजली होती आणि तिचं कारण मला कधी सापडलं नव्हतं. दोरी त्या खाचेत बसली, जणू काल तिथूनच काढली होती. मामांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी भाचीकडे पाहून एकच शब्द म्हटला.

"बरोबर," तिने आम्हाला सांगितलं. तिचे डोळे भरले होते. "वडिलांनी सांगितलं ते बरोबर होतं, म्हणतात."

आमच्या प्रमुखांनी खिडकीकडे तोंड केलं. मी उघडच रडले. शेकडो वर्षं हातातून हातात आलेली एक गाठ, मधल्या एका पिढीत नुसत्या लाकडाच्या तुकड्यावर जगलेली, आज आपल्या घरी बसली होती, आणि हे मी पाहत होते. मग मामांनी ती सगळी सोडली आणि दोरी भाचीच्या हातात दिली. तिला दुपारपर्यंत वेळ लागला.

लाडू आम्ही सगळ्यांनी तिथेच संपवले. हळद बाईंनी ठेवून घेतली, पण त्यांच्या कवडीची परतफेड म्हणून नव्हे. "हे तू आधी दिलंस असं आम्ही धरू," त्या म्हणाल्या. "आता आमच्याकडे राहिलं. कधी द्यायचं ते आम्ही बघू." आणि निघताना त्यांनी रिकामी टोपली पुन्हा माझ्या हातात ठेवली. "ही भरायची घाई करू नकोस."

पुढच्या शनिवारी मी फ्रँकफर्टच्या दुकानातून कैऱ्या आणल्या आणि आईला फोन करून, तो बरणीला टेकवून, त्या कवडीने सोलायला बसले. साल लांबलचक निघत होती. आई लोणच्याच्या सूचना देत होती, मीठ आधी, मेथी नंतर. फोडी पांढऱ्याशुभ्र राहिल्या. मग तिला माझ्या मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली टोपली दिसली.

"परत नाही केली?"

"नाही."

"रिकामीच ठेवली?"

"रिकामीच. त्यांनीच दिली तशी. मी मागितलं, आई, त्यांच्याकडे. खाली बसून मागितलं." मग मी तिला सगळं सांगितलं, मामांची दोरी, वादळ, होड्या. माझ्या हातातली कैरी तशीच राहिली.

"इकडे आण," ती म्हणाली. "जवळ धर."

मी टोपली काढून कॅमेऱ्यासमोर धरली. आईने चष्मा पुसला. तिने काठ पाहिला, तळ पाहिला, उलटी करायला सांगितली.

"चांगली विणली आहे," ती शेवटी म्हणाली. "हे नोको जाळू."